बाहुली, सूत्रधार आणि चाहता : ‘मपेट्स’च्या हस्तांतरानंतरचा प्रेक्षक-प्रतिसाद

१७ फेब्रुवारी २००४ रोजी वॉल्ट डिस्ने कंपनीने जिम हेन्सन कंपनीकडून ‘मपेट्स’ या बाहुल्यांचे हक्क विकत घेत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या अर्थजगतात या बातमीला फारसे महत्त्व मिळाले नाही. सहाच दिवसांपूर्वी कॉमकास्ट या केबल कंपनीने साक्षात डिस्नेच ताब्यात घेण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि त्या गदारोळात बेडूक, डुकरीण आणि अस्वल यांच्या कापडी आकृत्यांची खरेदी ही किरकोळ बाब ठरली. परंतु ज्या प्रेक्षकांनी या आकृत्यांवर पाव शतकाहून अधिक काळ प्रेम केले होते, त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार मालमत्तेच्या हस्तांतरापुरता नव्हता. त्यांच्या प्रतिक्रियांत आनंद, धास्ती, संशय आणि एक प्रकारचे सुतक या साऱ्या भावना एकाच वेळी आढळतात. त्या गुंतागुंतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी समीक्षेत वाचकाच्या सहभागाची चर्चा आता नवी राहिलेली नाही. हान्स रॉबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेचा आधार घेऊन कलाकृतीच्या स्वीकाराचा इतिहास लिहिण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. मात्र या चर्चेत गृहीत धरलेला वाचक बहुधा पूर्ण झालेल्या संहितेसमोर उभा असतो. ज्या पात्राची संहिता अद्याप लिहिली जात आहे आणि जे पात्र उद्या दुसऱ्याच कोणाच्या आज्ञेने बोलू लागणार आहे, त्याच्यापुढे उभा असलेला प्रेक्षक या चौकटीत नीट बसत नाही. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा प्रेक्षकाला दुसऱ्याच्या रानात शिकार करणाऱ्याची उपमा दिली. ती त्यांनी मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतली होती. उपमा चपखल असली तरी अपुरी आहे. चोरून शिकार करणाऱ्याला रानाचा मालक कोण, याची पर्वा नसते. येथील चाहत्याला ती आहे, आणि नेमके हेच समजून घ्यावयाचे आहे.

त्यासाठी मपेट ही बाहुली कशी चालते हे प्रथम पाहिले पाहिजे. जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टन येथील दूरचित्रवाणी केंद्रावर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा लहानसा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग वापरून त्यांनी कर्मिट घडवला. आरंभी तो बेडूकही नव्हता. सरड्यासारखा काहीतरी होता. हेन्सन यांची खरी सूझ मात्र कापडात नव्हती. त्यांनी बाहुल्यांचा मंच काढून टाकला आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच मंच मानला. खेळ करणारा चौकटीच्या खाली, हात उंच धरून उभा राहतो, समोर ठेवलेल्या पडद्यावर आपलीच बाहुली प्रेक्षकाच्या नजरेने पाहतो, आणि तीच व्यक्ती तिचा आवाजही देते. उजवा हात बाहुलीच्या डोक्यात गुंतलेला असल्याने तिचे हातवारे डाव्या हाताने होतात. पुष्कळशा मपेट्स डावखुऱ्या वाटतात त्या यामुळेच. हालचाल, आवाज आणि पाहणे ही तिन्ही कामे एकाच देहात एकवटल्यामुळे मपेटचे व्यक्तिमत्त्व लेखकाच्या कागदावर कमी आणि खेळ करणाऱ्याच्या मनगटावर अधिक घडते. मिस पिगी ही फ्रँक ऑझ यांच्या हातात आली तोवर एक दुय्यम आकृती होती. तिचा अहंकार, तिची लाडीगोडी आणि क्षणात उसळणारा राग ही ऑझ यांची निर्मिती होय.

राजशेखराच्या ‘बालरामायण’ नाटकात सीतेच्या यंत्रबाहुलीच्या मुखात बोलकी सारिका बसवलेली असते आणि रावण काही काळ फसतो. देह एकाचा आणि वाणी दुसऱ्याची, ही युक्ती आपल्या परंपरेला परिचित आहे. रिशार्ड पिशेल यांनी तर ‘सूत्रधार’ हा शब्दच बाहुल्यांच्या दोऱ्यांपासून आला असे प्रतिपादन केले होते. सर्व अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही; स्थपतीच्या मापनसूत्राकडे बोट दाखवणारा पक्षही तितकाच सबळ आहे. ज्ञानेश्वरीत ‘साइखडे’ हा शब्द येतो तेव्हा बाहुलीचे पारतंत्र्य हाच दृष्टांताचा गाभा असतो. मपेट्सच्या चाहत्यांची अडचण अशी की त्यांना हे पारतंत्र्य पूर्णपणे ठाऊक असते आणि तरीही बाहुलीला ते स्वतंत्र व्यक्ती मानतात. हा भाबडेपणा नव्हे. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले त्यातही हे ज्ञान आणि हे विस्मरण एकत्रच नांदतात.

‘द मपेट शो’ हा कार्यक्रम अमेरिकन वाहिन्यांनी नाकारल्यावर लू ग्रेड यांच्या पाठबळाने इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे तयार झाला आणि १९७६ ते १९८१ या काळात त्याचे १२० भाग निघाले. एका मोडकळीला आलेल्या नाट्यगृहात एक बेडूक दर आठवड्याला प्रयोग कसाबसा पार पाडतो, एवढाच त्याचा सांगाडा. १९७९ च्या ‘द मपेट मूव्ही’ या चित्रपटात हाच कर्मिट हॉलिवुडला निघतो. वाटेत बेडकाच्या तंगड्या विकणारा एक उपाहारगृहवाला त्याला जाहिरातीसाठी गाठू पाहतो. शेवटी चित्रनिर्मात्याच्या कचेरीत कर्मिट आणि मंडळींना श्रीमंती व प्रसिद्धी देणारा ठरीव साच्याचा करारनामा मिळतो. पुढील घटना ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हा विनोद निरागस राहत नाही. बाजारापासून पळणे आणि बाजाराकडे धावणे या दोन्ही क्रिया या पात्रांच्या मूळ कथेतच आहेत. २००४ मध्ये त्या बाहेरून आल्या नाहीत.

डिस्नेकडे जाण्याचा विचारही मुळात हेन्सन यांचाच. २८ ऑगस्ट १९८९ रोजी हा करार जाहीर झाला तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट होती : व्यवसायाचा व्याप सांभाळण्यात आयुष्य खर्ची पडत आहे, तो भार मोठ्या संस्थेने उचलावा आणि आपण निर्मितीकडे वळावे. ‘सेसमी स्ट्रीट’मधील पात्रे मात्र या करारातून कटाक्षाने वगळण्यात आली, मुलांच्या शिक्षणासाठी निर्माण झालेली पात्रे विक्रीला नाहीत, यावर हेन्सन ठाम राहिले. करार पूर्ण होण्यापूर्वीच १६ मे १९९० रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी न्यूमोनियाच्या तीव्र संसर्गाने त्यांचे निधन झाले. डिसेंबर १९९० मध्ये बोलणी फिसकटली, पुढच्या वर्षी पात्रांच्या वापरावरून कज्जा उभा राहिला आणि तडजोडीने मिटलाही.

या मधल्या काळातील एक कार्यक्रम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये हेन्सन यांच्या स्मरणार्थ प्रसारित झालेल्या या कार्यक्रमात मपेट्सना जिम हेन्सन कोण हे माहीतच नसते. कर्मिटने सोपवलेली आदरांजलीची तयारी ते आपल्या नेहमीच्या गोंधळाने करीत असतात आणि मग चाहत्यांच्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्या हाती पडतो. ती पत्रे वाचताना त्यांना उमगते की हा माणूस मरण पावला आहे. अखेरीस कर्मिट येतो आणि प्रथमच स्टीव्ह विटमायर यांच्या आवाजात बोलतो. बाहुलीला आपल्या सूत्रधाराच्या मृत्यूची वार्ता प्रेक्षकाच्या पत्रातून कळावी, या योजनेचे मर्म खोल आहे. एक सूत्रधार गेला, दुसरा अद्याप प्रेक्षकांसमोर आला नाही, त्या पोकळीत पात्राला धरून ठेवणारा चाहता होता, असे कार्यक्रमाच्या कर्त्यांनीच येथे मान्य केले. पुढे चाहत्यांनी जो अधिकार सांगितला त्याचे बीज या मान्यतेत आहे. हा अधिकार त्यांनी केवळ बळकावलेला नव्हता.

२००० मध्ये हेन्सन कुटुंबाने कंपनी इएम-टीव्ही या जर्मन कंपनीला ६८ कोटी डॉलरना विकली. लवकरच त्या कंपनीचे समभाग कोसळले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘सेसमी स्ट्रीट’च्या पात्रांचे हक्क सेसमी वर्कशॉपकडे गेले, आणि २००३ मध्ये हेन्सन यांच्या मुलांनी उरलेली कंपनी मूळ किमतीच्या सुमारे अष्टमांशात परत घेतली. कर्मिट घरी परतला म्हणून चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो वर्षभरही टिकला नाही. २००४ च्या बातमीने बसलेला धक्का या क्रमामुळे समजतो. परक्याच्या हातून घर सोडवून आणावे आणि लगेच विकावे, असे तिचे रूप त्यांना दिसले. दुसरीकडे, वडिलांनी ठरवलेले लग्न मुलांनी चौदा वर्षांनी लावून दिले, असेही तिचे समर्थन करता येत होते. आणि कुटुंबाकडून ते तसेच करण्यात आले.

चाहत्यांत तट पडले ते बहुतांशी याच मुद्द्यावर. हेन्सन यांची इच्छा प्रमाण मानणाऱ्यांना विक्री योग्य वाटली. विरोधकांचे म्हणणे असे की १९८९ चे हेन्सन स्वतः सोबत जाणार होते. सूत्रधारासह बाहुली देणे आणि सूत्रधाराच्या पश्चात बाहुली देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या युक्तिवादाचे पारडे जड आहे, असे म्हणावे लागते. मिकी माऊसप्रमाणे कर्मिटही निर्दोष, गुळगुळीत, खेळण्यांच्या दुकानापुरता उरेल ही भीती सर्वत्र बोलली गेली. ती काहीशी अतिरंजित होती, कारण १९९२ आणि १९९६ चे मपेट-चित्रपट डिस्नेनेच वितरित केले होते आणि त्यांतील पहिला, डिकन्सच्या नाताळकथेवरचा, चाहत्यांना आजही प्रिय आहे.

विक्रीने प्रत्यक्षात काय केले? मालमत्तेची वाटणी केली. कर्मिट, पिगी, फॉझी, गोंझो आणि ‘मपेट’ हा शब्द डिस्नेकडे गेला. ‘फ्रॅगल रॉक’, ‘द डार्क क्रिस्टल’, ‘लॅबिरिंथ’ आणि बाहुल्या घडवणारी कार्यशाळा हेन्सन कंपनीकडे राहिली. बिग बर्ड आणि त्याची गल्ली सेसमी वर्कशॉपची. आपल्या पात्रांना मपेट म्हणण्यासाठी त्या संस्थेला डिस्नेचा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे २००६ पासून ‘गल्ली गल्ली सिम सिम’मधून घरोघरी पोहोचलेली चमकी ही या दुसऱ्या शाखेची. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत चूल वेगळी झाल्यावर चुलत भावंडे एका पंगतीला बसत नाहीत, तशी स्थिती झाली. पूर्वी ‘सेसमी स्ट्रीट’वर वार्ताहर म्हणून सहज वावरणारा कर्मिट तेथे क्वचितच दिसू लागला. चाहत्यांच्या दुःखाचा हा भाग वृत्तपत्रांनी फारसा टिपला नाही. पात्रे बिघडतील ही भीती भविष्याविषयी होती. पात्रांचे परस्परसंबंध तुटले ही गोष्ट घडून चुकली होती.

येथे कायद्याचा मुद्दा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अमेरिकन कायद्यात नोकरीच्या ओघात झालेल्या निर्मितीची कर्ती कंपनीच मानली जाते, आणि कलाकृती विकृत होऊ नये असे म्हणण्याचा नैतिक हक्क तेथे मोजक्या दृश्यकलांपुरता आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही लेखकाचा हा विशेष अधिकार उरतो. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटासंबंधात मन्नू भंडारी यांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम चित्रपट-रूपांतरालाही लागू असल्याचे स्पष्ट केले. मपेट्सच्या चाहत्यांची मागणी न्यायशास्त्राच्या भाषेत मांडली तर ती या कलमाच्या जवळ जाते. फरक एवढाच की ते लेखक नव्हेत. दिवंगत कर्त्याच्या वतीने विश्वस्तपद मागणारा हा प्रेक्षक आहे, आणि कोणताही कायदा त्याला ते देत नाही.

बाहुली विकली न जाता हातातून हातात जाते, असेही घडते. यशवंत केशव पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ त्यांच्यामागे रामदास पाध्ये यांनी बोलता ठेवला आणि आता तिसऱ्या पिढीचा हातही त्याला लागला आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या घराण्यातच उतरत आल्या. येथे प्रेक्षक नव्या हाताची तुलना जुन्याशी करतो, क्वचित नाकही मुरडतो, पण हक्काबद्दल शंका घेत नाही. कारण शिकणे आणि वारसा या दोन गोष्टी त्याला एकत्र दिसतात. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचूचे उदाहरण मपेट्सना अधिक जवळचे आहे. देह पाध्यांच्या हातचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, कथा चित्रपटाची. तेथे पात्र कोणाचे हा प्रश्न विचारता येतो, पण तो मराठी प्रेक्षकावर कधी निर्णायकपणे येऊन आदळला नाही.

हस्तांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चाहत्यांची तक्रार अनपेक्षित दिशेला वळली. विकृतीची भीती होती. वाट्याला आली ती उपेक्षा. २००५ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’वरील दूरचित्रपटानंतर मोठे असे काही दीर्घकाळ घडले नाही. या पार्श्वभूमीवर २०११ चा ‘द मपेट्स’ हा चित्रपट महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचा नायक चाहताच आहे. वॉल्टर ही स्वतः बाहुली असूनही तिला ते उमगलेले नाही. मपेट्सच्या जुन्या ध्वनिचित्रफिती पाहत ती वाढली आहे. एक तेलसम्राट जुने नाट्यगृह पाडू पाहतो आणि १९७९ चा तोच करारनामा दाखवून मपेट्सचे नावही आपले असल्याचे सांगतो. मपेट्सची हुबेहूब नक्कल करणारे हिणकस टोळकेही या कथेत आहे. विक्रीविषयी चाहत्यांना वाटलेली प्रत्येक धास्ती येथे कथानक बनली, आणि ती बनवली खरेदीदारानेच. नाट्यगृह गमावून बाहेर पडलेल्या मपेट्सना रस्ताभर चाहत्यांची गर्दी दिसते, तो प्रसंग पाहताना प्रेक्षकगृहातील माणसे आपलेच चित्र पाहत होती. प्रतिकाराचे असे विक्रेय रूपांतर करण्याची भांडवली संस्थांची हातोटी ध्यानात घेतली पाहिजे. तरीही चित्रपटातील जिव्हाळा खोटा म्हणता येत नाही. त्याचे पटकथाकार त्याच पिढीतले चाहते होते. फ्रँक ऑझ मात्र दूर राहिले. पात्रांचा पुरेसा आदर राखला गेलेला नाही, असे त्यांचे मत होते. चाहत्यांचे प्रेम आणि निर्मात्या कलावंताचा निवाडा येथे प्रथमच उघडपणे परस्परविरोधी झाले, आणि बहुसंख्य चाहत्यांनी चित्रपटाची बाजू घेतली.

२०१५ ची मालिका कार्यालयीन अनुबोधपटाच्या धर्तीवर रचली होती. तिच्यातील कर्मिट त्रासलेला आणि काहीसा कडवट होता. ती एका पर्वात संपली. त्यानंतर खरी कसोटी आली. २६ वर्षे कर्मिटचा खेळ करणाऱ्या स्टीव्ह विटमायर यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये दूर करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये ते जगजाहीर झाले. कंपनीने व्यावसायिक वर्तनाचे कारण दिले. कर्मिटच्या स्वभावाशी विसंगत संहितांना आपण हरकत घेत होतो, असे विटमायर यांनी जाहीरपणे मांडले. कर्मिटने आपल्या पुतण्याशी खोटे बोलावे, या प्रसंगाला त्यांनी घेतलेली हरकत त्यांनी स्वतःच उदाहरण म्हणून सांगितली. हेन्सन यांच्या मुलांनी कंपनीच्या निर्णयाला पाठिंबा दिला. वारसांचे रक्त एका बाजूला आणि हेन्सन यांच्यासोबत काम करून शिकलेला हात दुसऱ्या बाजूला, असा पेच चाहत्यांपुढे उभा राहिला. यात न्याय कोणाचा, हे बाहेरच्याने ठरवू नये. परंतु कर्मिट खोटे बोलेल काय, हा प्रश्न शेकडो प्रेक्षकांनी तत्त्वचिंतनाच्या गांभीर्याने चर्चिला, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. पात्राच्या स्वभावाला स्वतःचा तर्क असतो आणि तो मालकाच्या सोयीने वाकवता येत नाही, हे औचित्यविचाराचे सूत्र त्या चर्चेत सर्वांनाच मान्य होते. पुढे मॅट व्होगेल यांनी कर्मिटची धुरा घेतली. आवाज वेगळा आहे, हे कोणी नाकारले नाही. हळूहळू तो अंगवळणी पडला.

फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात १६ मे १९९१ रोजी, हेन्सन यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, ‘मपेट-व्हिजन’ हा त्रिमित खेळ सुरू झाला होता. त्याचे दिग्दर्शन हेन्सन यांनी मृत्यूपूर्वी केले होते आणि त्यातील कर्मिट त्यांच्याच आवाजात बोलत असे. जून २०२५ मध्ये नव्या बांधकामासाठी तो कायमचा बंद झाला. बातमी आल्यापासून अखेरच्या प्रयोगापर्यंत चाहत्यांनी ते जतन व्हावे म्हणून आर्जवे केली, दूरदूरहून येऊन रांगा लावल्या. वास्तविक हे नाट्यगृह हेन्सन यांच्या १९८९ च्या डिस्नेबरोबरच्या बोलण्यांतून उभे राहिले होते, आणि २००४ च्या व्यवहाराने हेन्सन यांचे जे काही डिस्नेच्या छत्राखाली आले, त्यात चाहत्यांना सर्वांत जास्त हेन्सन यांचे वाटले ते हेच.